ओसरीवरून : क्रय आणि क्रीडा
संस्कृतात ‘क्री’ हा धातू विकत घेणे या अर्थाचा, तर ‘क्रीड्’ हा खेळणे या अर्थाचा. अंतर काय ते एका व्यंजनाचे! तरीही या दोहोंची गाठ पडावी, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. खेळ म्हणजे ओसरीवर आखलेला पट, मूठभर चिंचोके आणि चार सवंगडी. तेथे पैशाचे काय काम?

म्हणूनच आमच्या नववीतील नातवाने संगणकावरील एका खेळासाठी पैसे मागितले, तेव्हा आम्ही साफ नकार दिला. त्यास कारणही घडले होते. गतवर्षी त्याने मोबाइलवर एक ‘फुकट’ खेळ घेतला. पुढे जावयाचे तर त्यातील नाणी हवीत, आणि नाण्यांसाठी खरे रुपये! थोडे थोडे करीत वडिलांच्या खात्यातून अडीच हजार रुपये गेले. त्या रात्री पोर जेवले नाही. त्यानंतर काही मागण्याचेही त्याने सोडून दिले होते.

या वेळी मात्र तो एवढेच म्हणाला, “आजोबा, एकदा पाहा आणि मग नाही म्हणा.” उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारे मास्तर आम्ही कधीच नव्हतो. त्याच्या मित्राकडे तो खेळ होता. तेथे जाऊन बसलो.

खेळाचे नाव ‘राजी’. मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून मोजक्या माणसांनी रचलेल्या अशा खेळांस ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, म्हणतात. हा आपल्या पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी रचिला. 2017 साली त्यांनी लोकवर्गणीचा यत्न केला, तो फसला. तरी काम न सोडता 2020 साली त्यांनी खेळ पूर्ण केला, आणि त्याच वर्षी जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या खेळांमध्ये त्यास नामांकन मिळाले. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेली राजी. तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ. भोवती राजस्थानी धाटणीचे महाल. भिंतीवरील चित्रांपुढे ती थांबली, की देवतांच्या कथा ऐकू येतात. कथेचे काही प्रसंग तर छायाबाहुल्यांच्या रूपाने समोर येतात. पाहता पाहता आम्ही चष्मा दोनदा पुसला.

तेव्हा पैसे कशाचे द्यावयाचे? आमच्या मते तीन गोष्टींचे. एक, मोल एकदाच सांगितलेले असावे. पुन्हा पुन्हा खिशात हात घालणारा खेळ फुकट असला तरी महाग होय. दुसरे, त्यात कोणाचे तरी मन ओतलेले दिसावे. अमेरिकेतील एरिक बॅरोन या एकट्या गृहस्थाने सुमारे साडेचार वर्षे खपून चित्रे, संगीत, सर्व काही स्वतः केले आणि 2016 साली ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ दिला. पुढे त्यात घातलेल्या भरीचे त्याने निराळे पैसे घेतले नाहीत. तिसरे, खेळाने मुलास वेळेवर मोकळे करावे. किती तास चालतो, हा हिशेब आम्हांस पटत नाही. पुस्तकाचे मोल आपण पाने मोजून थोडेच ठरवितो?

आमच्या नंदुरबारात मिरची नुसत्या लाल रंगावर कोणी घेत नाही. हाताळून, वास घेऊन घेतात. येथेही तशी सोय आहे. ‘स्टीम’ या दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. पालकांनी हा नियम ध्यानी ठेवावा.

आम्ही पैसे दिले. एका जाड ग्रंथास पडतात तेवढेच. आठवड्याने नातवाने संगणक बंद केला आणि ओसरीवर येऊन बसला. “शेवट जरा अर्धवट सोडलाय, आजोबा,” अशी तक्रार करून त्याने राजीची सारी कथा आम्हांस सांगितली. त्या फुकट खेळाविषयी सांगण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नव्हते.