खेळाचा संगणक आणि घरचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये चार दिवस चोपड्याला धाकट्या बहिणीकडे राहून आलो. थिवीला गाडीतून उतरावे, म्हापसा, शिवोली करीत शापोरा नदीचा पूल ओलांडावा, की पलीकडे चोपडे. पूर्वी येथे फेरीबोटीची वाट पाहावी लागे. बडोद्याच्या धुळीतून गेलेल्या माणसाने तेथे नदीकाठी स्वस्थ बसावे. परंतु पहिल्याच संध्याकाळी भाच्याने एक कागद हाती ठेवला. म्हणाला, “मामा, हे दर बघा आणि आईला तुम्हीच समजावा.”

तो म्हापशाच्या एका दुकानाचा दरांचा कागद होता. मुलाला खेळांसाठी संगणक जुळवून घ्यावयाचा होता. बहिणीने काजूच्या हंगामातील पैशांतून पंचेचाळीस हजार रुपये बाजूस ठेवले होते आणि त्यावर एक रुपयाही मिळणार नाही असे मला आधीच बजावले होते. ते योग्यच होते. जूनमध्ये याच मुलाची पदविकेची फी भरावयाची आहे. कागद वाचला आणि चक्रावलो. रॅमपुढचा आकडा जवळजवळ प्रोसेसरच्या बरोबरीचा! हे म्हणजे सदऱ्याच्या कापडापेक्षा बटणे महाग झाल्यासारखे. तळाशी ओळ होती : दर आजपुरता.

दुकानदार लबाड असेल, हा पहिला विचार आपल्या मनात येतोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारून पाहिले, तेथेही तेच. दोष व्यापाऱ्याचा नव्हता. जगात संगणकाची स्मृती बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीन : कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, व अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य यंत्रे चालविणाऱ्यांना एक विशेष जातीची, थरावर थर रचलेली स्मृती लागते. तेवढीच साठवण करण्यासाठी ती साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते, आणि तिला किंमतही चांगली मिळते. मग कारखानदार कोणाकडे वळणार? २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांतच घरगुती रॅमचे भाव दुपटीतिपटीने चढले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. हे नाव १९९६ पासूनचे. स्वतः संगणक जुळविणाऱ्यांच्या ते नित्य परिचयाचे होते.

आम्हा गुजरातेत राहणाऱ्यांना यात एक गंमत वाटते. याच मायक्रॉनच्या कारखान्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या जवळच साणंदला झाले. चोपड्याचा भाचाही आशेने म्हणाला, “मग आता स्वस्त होईल ना?” त्याला सांगावे लागले की साणंदचे काम जुळणीचे आणि चाचणीचे, मूळ सिलिकॉनच्या चकत्या तेथे घडत नाहीत, आणि भाव तर साऱ्या जगाचा असतो.

सुटे भाग घेऊन स्वस्तात यंत्र उभे करावे, ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने अनेक प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. मात्र या रीतीत एक गोष्ट गृहीत असते : सुटा भाग सामान्य गिऱ्हाइकाला विकण्यात विकणाऱ्याचा फायदा असला पाहिजे. आज नेमके तेच डळमळू लागले आहे. माझ्या मते खरी काळजी महागाईची नाही, याची आहे.

असो, मुलाला काहीतरी उत्तर द्यावयाचे होते. दुकानदाराने सुचविलेली जुळणी नव्या, डीडीआर-५ रॅमच्या पिढीची होती. ती खोडली. त्याऐवजी एएम-४ खाचेचा मदरबोर्ड आणि २०२१ चा रायझन ५ ५६००-जी हा प्रोसेसर. याला जुन्या डीडीआर-४ ची रॅम चालते. तीही महागली आहे, पण निदान आवाक्यात आहे. शिवाय चित्रे रंगविण्याची सोय प्रोसेसरच्या पोटातच असल्याने ग्राफिक्स कार्ड पुढे कधी तरी घेता येते. रॅम मात्र सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्या. पोटातले ग्राफिक्स रॅमवरच जगते. दोन पट्ट्या म्हणजे दोन वाटा, आणि खेळात हा फरक डोळ्यांना दिसतो. पडद्याऐवजी घरातला टीव्ही. रंगीत दिव्यांची काचेची पेटी रद्द. त्यावर भाचा थोडा रुसला.

वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसवर घालावयास लावले, आणि येथे मी हट्टच धरला. माझ्या घरी स्वस्तातल्या एसएमपीएसने जाताना मदरबोर्डही सोबत नेला होता. चोपड्याला तर पावसाळ्याची वीज, जवळ समुद्र आणि खारी हवा. प्लगाला धड अर्थिंग आहे की नाही हे आधी वायरमनला दाखवावे.

ज्यांच्याजवळ याहून कमी रक्कम असेल त्यांना कार्यालयांतून निघालेली जुनी यंत्रे आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अशी यंत्रे बाजारात आली. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच पाहावी. त्याआधीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ साठी मान्य नाहीत. त्यांतल्या बुटक्या पेट्यांत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही, आणि कार्डाला वेगळी वीज देणारी तारही नसते. खाचेतून मिळणाऱ्या पंचाहत्तर वॉटवर भागवावे लागते. २०१९ च्या जीटीएक्स १६५० चे काही नमुने तेवढ्यात चालतात, पण विकत घेण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे.

बहिणीच्या सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. “खेळ म्हणतात आणि पैसे लावतात,” असे त्या म्हणाल्या. मांडवीत तरंगते कॅसिनो पाहणाऱ्या गोव्यातील आजीने असे म्हणावे यात नवल नाही. त्यांना सांगितले की ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि स्पर्धेच्या खेळांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सना, वेगळी मान्यता दिली. कायद्याने माणसाची ओढ थांबत नाही हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. संगणक ओसरीलगतच्या खोलीतच राहील आणि दार उघडे असेल, या अटीवर त्यांनी होकार दिला.

शुक्रवारी भाचा बाजाराच्या गर्दीत म्हापशाला जाऊन दोन पट्ट्या घेऊन आला. रॅम आधी, बाकीचे नंतर, असा आमचा बेत होता. आल्यावर त्याने माळ्यावरचा धाकट्या काकांचा संगणक खाली काढला. या शतकाच्या आरंभी गोवा सरकारने सायबरेज योजनेत अकरावीच्या मुलांना दिलेल्यांपैकी तो एक. त्यातले काही उपयोगी पडेल काय म्हणून आम्ही दोघांनी पेटी उघडली. एकही भाग बसणार नव्हता. भंगारात द्यावा म्हणून मी तो दाराशी ठेवला. सकाळी पाहतो तो सासूबाईंनी धूळ पुसून पुन्हा माळ्यावर चढविला होता.