मेज आमचे, मांडणी कोणाची?

गेल्या चतुर्थीपूर्वी आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या कचेरीत जाण्याचा आम्हांस योग आला. कचेरी पूर्वीचीच. भिंतीवर पंचांग, कोपऱ्यात पावती-पुस्तकांचा गठ्ठा, आणि मेजावर दहा वर्षे इमानाने सेवा केलेला संगणक. कारकुनाने तो सुरू केला तेव्हा पडद्यावर पालखीतील श्रींचे सुरेख छायाचित्र उमटले. परंतु प्रभावळीच्या डाव्या अंगास कचऱ्याच्या टोपलीचे चित्र होते, आणि प्रत्यक्ष श्रींच्या मुखावर 'देणगी यादी', 'देणगी यादी नवीन' व 'देणगी यादी खरी' अशा फाईली ओळीने ठाण मांडून बसल्या होत्या. हे जरा बाजूस का सारीत नाही, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, "कंपनीन दिलां तशें आसा, बाब. आमी कित्याक हात लावचो?"

इतक्यात खजिनदार आले. त्यांनी सांगितले की, हा संगणक आता मोडीत काढावयाचा आहे. का? तर विक्रेत्याने सांगितले म्हणून. यंत्र बिघडले आहे काय? नाही. काम अडले आहे काय? तेही नाही. नवी प्रणाली ते घेत नाही, एवढाच त्याचा अपराध. देवळातील समई शंभर वर्षांची झाली म्हणून आपण मोडीत काढीत नाही. दहा वर्षांचा संगणक मात्र दुसऱ्याच्या एका शब्दावर बाहेर काढावयास निघालो. "आमी कित्याक हात लावचो" या चार शब्दांत आजच्या ग्राहकाची सारी शरणागती साठविलेली आहे. तिच्याविरुद्धच आम्हांस आज लिहावयाचे आहे.

ज्यास आपण डेस्कटॉप म्हणतो त्याचा मूळ अर्थच मुळी मेजाचा पृष्ठभाग असा आहे. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचे यंत्र बाजारात आणले. कागद, कागद ठेवण्याचे कप्पे, आलेल्या-गेलेल्या टपालाच्या पेट्या यांची चित्रे पडद्यावर मांडून तिने कचेरीतील मेजच जणू काचेवर उतरविले. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ ने ही कल्पना घराघरांत नेली. आता उपमा मेजाची घेतली, तर मेजाचा धर्मही पाळला पाहिजे. मेज घडविणारा सुतार दौत उजवीकडे ठेवावी की डावीकडे, हे ठरवीत नाही. आणि ठरवू लागला, तर त्याच्याकडून दुसरे मेज कोणी घेणार नाही.

कित्येक सुशिक्षित मंडळी यावर हसतात. पडद्यावरील चित्रे इकडची तिकडे करणे, रंग बदलणे, अक्षर मोठे करणे हा त्यांच्या मते रिकामटेकड्या पोरांचा खेळ. या मंडळींना आम्ही विचारतो, आपल्या घरातील स्वयंपाकघर कधी पाहिले आहे काय? हळदीचा डबा कोठे, मोहरी कोठे, हे गृहिणीच्या हातास अंधारातही ठाऊक असते. एखाद्या रात्री कोणी परका येऊन सर्व डबे आपल्या आवडीप्रमाणे लावून गेला आणि वर 'सुधारणा केली' म्हणू लागला, तर ती माउली त्याचे कौतुक करील काय? जो मनुष्य दिवसाचे सहा-सात तास एका पडद्यापुढे बसतो, त्याचे तेच स्वयंपाकघर होय. साठी उलटलेल्या कारकुनास अक्षर मोठे हवे असते, डावखुऱ्यास माऊसची बटणे उलट हवी असतात. यात चैन कोणती?

आता ही सत्ता आपल्या हातून कशी निसटत गेली, ते पाहावे. विंडोज ९५ मध्ये खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, ओढून पडद्याच्या चारही कडांपैकी हव्या त्या कडेस नेता येई. आजचे पडदे रुंदीने मोठे व उंचीने कमी असतात. लांबलचक जमाखर्च पाहणारा मनुष्य ती पट्टी बाजूस लावून उंची वाचवीत असे. ही साधी सोय पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालली. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा ती पट्टी खालच्या कडेस खिळून टाकलेली होती. ग्राहकाने मागितले नव्हते, त्याचे काही अडले नव्हते. केवळ ठरविणाऱ्यांनी ठरविले. तत्पूर्वी ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने तर सतरा वर्षे लोकांच्या अंगवळणी पडलेले 'स्टार्ट'चे बटणच काढून टाकले होते. लोकांनी इतका गिल्ला केला की वर्षाच्या आत ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागील यादीही परतली. बोध एवढाच की, ग्राहक ओरडला तर कंपनीस ऐकू येते. 'आमी कित्याक हात लावचो' म्हणणारा मात्र कोणासच ऐकू येत नाही.

आमच्याशी वाद घालणारा येथे एक उदाहरण पुढे करील, आणि ते आम्ही टाळणार नाही. २००७ मध्ये आलेल्या आयफोनमध्ये मुख्य पडद्यामागील चित्र बदलण्याचीही सोय नव्हती. ती २०१० मध्ये मिळाली. तरीही तो जिंकला. याउलट नोकियाने लोकांना किती मुभा दिली होती! रंगीत कवच बदला, घंटीचे सूर स्वतः रचा. २००० मध्ये आलेला ३३१० ज्यांनी वापरला, त्यांना हे आठवत असेल. तरी नोकियाने फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली, आणि एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनांचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. मग स्वातंत्र्य दिल्याने धंदा वाढतो, हे कोठे सिद्ध झाले?

सिद्ध झाले नाही, हे आम्हांस मान्य आहे. स्वातंत्र्य दिले की धंदा वाढतोच, असे आमचे म्हणणेच नाही. कंपन्यांचे भाग्य अनेक कारणांनी फिरते. परंतु त्याच आयफोनचे पुढे काय झाले, तेही पाहावे. २०२० मध्ये मुख्य पडद्यावर लहानमोठे फलक मांडण्याची मुभा मिळताच लोक आपापले पडदे सजविण्यात रात्री जागवू लागले. आणि २०२४ मध्ये चित्रे मधे जागा सोडून हवी तेथे ठेवण्याची परवानगी मिळाली. जी गोष्ट पहिल्याच दिवशी देता येण्याजोगी होती, ती मिळावयास सतरा वर्षे लागली. मनुष्याची मांडणीची भूक इतकी जुनी व चिवट आहे की, सर्वांत हट्टी कारागिरासही अखेर तिच्यापुढे नमावे लागले.

नाममुद्रांच्या उदयास्ताविषयी आपल्याकडे भावनेने फार बोलले जाते. जुन्या कंपनीचे नाव निघाले की डोळे पाणावतात. आम्ही म्हणतो, नावासाठी रडू नये. नाव गेल्यावर वस्तू कोणाच्या हाती राहिली, ते पाहावे. एच.एम.टी. ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे करावयास प्रारंभ केला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो घड्याळांचा कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. पण आजोबांचे चावीचे एच.एम.टी. घड्याळ अजून चालते. ते उघडता येते, गावातील घड्याळजीस ते समजते, त्यास कोणाची अनुमती लागत नाही. आता ब्लॅकबेरी पाहा. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या कंपनीने आपल्या जुन्या प्रणालीच्या सेवा थांबविल्या. त्या दिवसापासून त्या फोनांवरून बोलणे किंवा संदेश धाडणे यांचीही शाश्वती उरली नाही. एके ठिकाणी कारखाना गेला आणि वस्तू राहिली. दुसऱ्या ठिकाणी कंपनी जिवंत असून वस्तू गेली. यांपैकी धन्याची वस्तू कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या देवस्थानांपुढे तर याहून गंभीर प्रश्न उभा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अनेक कचेऱ्यांतील मराठी व कोंकणी मजकूर अशा अक्षरसंचांत टंकलिखित झाला की, तो संच नसेल तर फाईल उघडताच रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसतो. काही संचांना तर यंत्राच्या मागे खोचावयाचे एक कुलूप असे. ते हरवले की अक्षरेही हरवली. वस्तुतः देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे, आणि त्या पद्धतीने लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. आपण मात्र विक्रेत्याने दिले ते घेतले. सभांची इतिवृत्ते, उत्सवांचे खर्च, महाजनांच्या याद्या, वृद्ध भजनी बुवांच्या तोंडून उतरवून घेतलेली पदे यांची चावी दुसऱ्याच्या खिशात राहिली. देवाच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली आपण कधी अशी कोणाच्या हाती देऊ काय?

आता संगणक मोडीत काढण्याविषयी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हे खरे आहे. ज्या प्रणालीची डागडुजी थांबली ती घेऊन इंटरनेटवर व्यवहार करणे धोक्याचे आहे, हेही आम्ही निक्षून सांगतो. परंतु प्रणाली जुनी झाली म्हणजे यंत्र निकामी झाले, हा विक्रेत्याचा तर्क आहे. तो आपला होऊ नये. लिनक्स ही मोफत प्रणाली १९९१ पासून वाढत आली आहे. तिच्यावर चालणाऱ्या केडीई या मांडणीचा आरंभ १९९६ मध्ये झाला. तीत पट्टी हव्या त्या कडेस लावता येते. याच कुळातील ग्नोमच्या चालकांनी २०११ मध्ये जुनी मांडणी मोडली, तेव्हा असंतुष्टांनी तीच मुळे घेऊन माटे व सिनॅमन या निराळ्या मांडण्या उभ्या केल्या. हट्ट तेथेही होता; पण मूळ लिखाण सर्वांना खुले असल्यामुळे घर सोडणाऱ्यास आपली भांडीकुंडी बरोबर नेता आली. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. तथापि या मार्गातही अडचणी आहेत. हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर तेथे चालणार नाही, एखादे छापयंत्र रुसेल. म्हणून आधी करून पाहावे, मग ठरवावे.

सर्व दोष कंपन्यांच्या माथी मारून आम्हांस मोकळे व्हावयाचे नाही. आपल्या संगणकात देवनागरी कळफलक आधीपासून असताना तो सुरू करण्याचे कष्ट आपण घेत नाही, रोमन अक्षरांत मराठी लिहितो, आणि वर भाषेच्या नावाने गळे काढतो. म्हणून प्रत्येक देवस्थान समितीस आमची विनंती आहे. जुन्या फाईली आजच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्या. यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्यावर दुसरी प्रणाली चालते का, हे गावातील एखाद्या जाणत्या मुलाकडून पाहून घ्यावे. नवे घेताना विक्रेत्यास प्रश्न करावा की, तुमची कंपनी उद्या बुडाली तर आमच्याजवळ काय उरेल? उत्तर देता येत नसेल, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे.

आणि प्रारंभ लहान गोष्टीपासून करावा. त्या दिवशी आम्ही कारकुनाच्या शेजारी बसलो. चित्रे आपोआप रांगेत लावणारी खूण काढली, फाईलींसाठी एक कप्पा केला, टोपली खालच्या कोपऱ्यात नेली. पाच मिनिटे लागली. श्रींचे मुख मोकळे झाले. कारकून क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला, मग त्याने हात जोडले, आणि म्हणाला, "इतले सोंपें आशिल्लें?" इतकेच सोपे होते. केवळ हात लावावयाचा होता.