गुरुवारचे डॉक्टर

चेन्नईजवळच्या आवडीत दिवाळी पावसातच येते. आकाशकंदिलाला प्लास्टिकची पिशवी घालावी लागते आणि दादरहून मागवलेली भाजणी वाटेत सादळते. मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे खाऊन वर्ष उलटले. अंक नेहमीसारखाच उशिरा छापायला गेला, हे तुम्ही नेहमीसारखेच पोटात घालाल. वर्षाचा आढावा एवढाच, कारण मला यंदा एकच गोष्ट बोचते आहे.

आमचे एक काका. खडकीहून इथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत आले, रणगाड्यांच्या सांगाड्यांत उभी हयात घालवली. आता गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आहेत. जेवण बरे, खोली हवेशीर. पण प्रवेशअर्जात ‘उपचार करणारे डॉक्टर’ या रकान्यात नाव आधीच छापलेले होते. काकांनी फक्त सही करायची.

हे डॉक्टर दर गुरुवारी येतात. माणूस वाईट नाही, पण चाळीस खोल्या आणि हाताशी एक तास. काकांचे स्वतःचे डॉक्टर आवडी बाजारातले, तीस वर्षांपासूनचे. तमिळ गृहस्थ, पण ठणका कुठला, कळ कुठली आणि चमक कुठली, हे काकांच्या गुडघ्यापायी शिकले. सल्फाच्या गोळीने काकांना अंगभर गांधी उठतात, हे त्यांना फाइल न उघडता आठवते. गुरुवारचे डॉक्टर कागदावर नुसते ‘पेन’ लिहितात, पुढे बरोबरची खूण.

व्यवस्थापकांना विचारले. म्हणाले, दहा डॉक्टर दहा औषधे लिहिणार, रात्री काही झाले तर आम्ही कोणाला उठवायचे? आणि नियम सगळ्यांना सारखा. यातले पहिले मला पटते. रात्रीला आश्रमाचा डॉक्टर हवाच, आणि बाहेरच्यानेही आश्रमाच्या वहीत नोंद करावी. पण दुसरे? याच आवडीत 1955 च्या जानेवारीत काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. सगळ्यांना एकच डॉक्टर, असा काही त्याचा अर्थ नसावा.

अमेरिकेने 1987 सालच्या कायद्याने शुश्रूषागृहांतल्या रहिवाशाला आपला डॉक्टर निवडण्याचा हक्क दिला. आपला ज्येष्ठांचा कायदा 2007 चा. जिल्ह्यागणिक किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम, सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, हे त्यात आहे. आश्रमात नाडी कोणी पाहायची, याबद्दल तो गप्प आहे. मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि औषधाचे दुकान निवडण्याचा हक्क आहे, पण ती सनद रुग्णालये डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. काका आश्रमात रुग्ण नाहीत आणि भाडेकरूही नाहीत. मग आहेत कोण? ज्याने पन्नास वर्षे स्वतःचा न्हावीसुद्धा बदलला नाही, त्याचा डॉक्टर एका छापील अर्जाने बदलला. आणि अर्ज भरताना घाई कोणाला होती? आपल्याला. मुलांना, भाच्यांना. तो रकाना मीही वाचला नव्हता.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दार’. विषय वैशाखात ठरला, काकांचे प्रकरण श्रावणात झाले, तेव्हा दोन्हींची सांगड मी ओढूनताणून घालतो आहे हे कबूल. आत वाड्यांची दारे आहेत, सासरची आहेत, एका कथेत लोकलचेही आहे. वृद्धाश्रमाच्या दारावर कोणी लिहिले नाही, म्हणून हे.

मागच्या महिन्यात ते बाजारातले डॉक्टर आश्रमात आले. बॅग फाटकावरच ठेवून घेतली. भेटीची वेळ चार ते सहा, म्हणून पिशवीत केळी घेऊन पाहुण्यासारखे आत गेले. बोलता बोलता काकांचा हात हातात घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर गप्प बसले. फाटकावरच्या वहीत ‘नाते’ या रकान्यात त्यांनी आधी ‘डॉक्टर’ लिहिले होते. पहारेकऱ्याने ते खोडायला लावले. वर तमिळमध्ये लिहिले आहे, ‘नण्बन’. मित्र.