चंदा नंतर, आधी दावा

आपल्या मोहल्ल्यात कुणाचा हात मशीनमध्ये गेला की दोन गोष्टी लगेच होतात. पोरं चंदा गोळा करायला निघतात आणि चार बुजुर्ग कारखानदाराकडे बसून समझौता करून येतात. दवाखान्याचं बिल, वर वीस-पंचवीस हजार रुपये, स्टॅम्पपेपरवर अंगठा, की प्रकरण मिटलं. तिसरी गोष्ट, म्हणजे कायद्याने मिळणाऱ्या भरपाईचा दावा, बहुतेक वेळा होतच नाही. माझ्या मते ती सगळ्यात आधी व्हायला हवी.

भरपाईचा कायदा १९२३ सालचा आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, एवढं त्याचं साधं सूत्र. मालकाची चूक होती की नाही हा प्रश्नच त्यात येत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हिशोब करून बघितला. पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. तीस वर्षांच्या माणसासाठी वयाचा आकडा २०७.९८ आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टाप्रमाणे ३० टक्के. पगार १५,००० धरला तर रक्कम होते ५,६१,५४६ रुपये. समझौत्यातले पंचवीस हजार या आकड्याशेजारी ठेवून बघा.

हिशोब इतका सरळ असेल तर भांडण कशावर होतं? सूत्रात भरायच्या आकड्यांवर. माझ्या एका खालाजाद भावाची तीन बोटं २०२३ मध्ये पॉवर प्रेसमध्ये गेली. मालकाचं लेखी म्हणणं आलं ते असं : हा आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे; असलाच तर पगार ८,००० होता; आणि दवाखान्याच्या केसपेपरवर 'घरी दारात हात सापडला' असं लिहिलंय. ते तसं लिहिलं गेलं, कारण त्याला दवाखान्यात नेणारा सुपरवायझरच डॉक्टरांना माहिती सांगत होता. भाऊ तेव्हा बेशुद्धीत होता.

या तिन्ही गोष्टींना उत्तर आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मालक आपल्या धंद्याचं काम त्याच्याकडून करून घेत असेल तर त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. पगाराचं उत्तर मोबाइलमध्ये निघालं. दर महिन्याला यूपीआयने आलेली रक्कम बँकेच्या स्टेटमेंटमध्ये होती आणि कुणाची कुठली पाळी हे ठरवणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुपरवायझरनेच काढलेला होता. पगार ८,००० धरला असता तर भरपाई तीन लाखांच्या आत आली असती. एका बँक स्टेटमेंटने अडीच लाखांपेक्षा जास्त फरक पडतो. केसपेपरचा मुद्दा मात्र अजून अडलेला आहे. त्या दिवशी सोबत असलेल्या दोघांपैकी एक गावी गेला आणि दुसऱ्याला नोकरीची भीती आहे. सुनावणी चालू आहे.

टक्क्यांवरही वाद घालता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे नुकसान पूर्ण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची क्षमता १०० टक्के गेली. माणूस काय काम करत होता हे बघूनच नुकसान मोजायचं असतं. लूमवर गाठ मारणाऱ्याची बोटं आणि माझ्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्याची बोटं सारखी नाहीत.

आता आपल्याला टोचणारी गोष्ट. भिवंडी-मालेगावात कारखानदारही बऱ्याचदा आपलाच असतो. त्याच मशिदीत नमाज पढतो, रमजानमध्ये जकात काढतो. म्हणून बिरादरीतले लोक म्हणतात, कोर्टकचेरी कशाला, घरातलं घरात मिटवू. मिटवायला माझी हरकत नाही, पण पूर्ण रकमेवर मिटवा. हक्क सोडून दिल्याचा करार या कायद्याने रद्दबातल ठरतो आणि तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. स्टॅम्पपेपरवरचा अंगठा म्हणजे शेवट, ही समजूत चुकीची आहे. मजुराचा हक्क बुडवायचा आणि त्यालाच जकात द्यायची, याला खैरात म्हणता येणार नाही. आणि चंदा देणारे असतात कोण? बहुतेक तशाच मशीनवर उभे राहणारे दुसरे मजूर. मालकाचं देणं ते आपल्या खिशातून भरतात.

मुदत लक्षात ठेवा. १९२३ च्या कायद्याप्रमाणे दावा दोन वर्षांत करायचा असतो. भावाने विसाव्या महिन्यात केला, कारण तोवर 'बघू, देऊ' चालू होतं. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. म्हणजे 'बघू'चीही किंमत आहे, फक्त ती वसूल करावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे नव्या अपघातांना तिचे नियम बघावे लागतील. कामावर जाता-येताना झालेला अपघातही तिच्यात धरला आहे. ज्यांचा ईएसआय आहे त्यांचा दावा मालकाऐवजी ईएसआयकडे जातो.

शिकलेल्या पोरांनी वकील व्हायची गरज नाही. अपघात झाला की दवाखान्यात स्वतः जा आणि केसपेपरवर 'कामावर, मशीनमध्ये' असंच लिहून घ्या. मशीनचा फोटो काढा. सोबतच्यांची नावं-नंबर त्याच दिवशी टिपून ठेवा. बँक स्टेटमेंट आणि चॅट सेव्ह करा. मग तालुका विधी सेवा समितीत जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो.

चंदा जरूर काढा, कारण दाव्याला वर्षं लागतात आणि घर रोज चालवावं लागतं. पण चंद्याची वही उघडाल त्याच दिवशी दाव्याची फाईलही उघडा.