कल्पित भूमीचे भूपट्ट

कल्पित जगाचा नकाशा आखताना लेखक पर्वत, नद्या, समुद्र मांडतो. त्यांखालील भूपट्टांचा विचार मात्र क्वचितच करतो. ‘सारे कल्पितच, मग कारण कशाला?’ हा युक्तिवाद आमच्या मते फसवा आहे. संभवनीयतेची अट कथानकाप्रमाणेच भूमीलाही लागू होते.

हर्सूल तलावाच्या परिसरातील काळा पाषाण पाहावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना, पसरलेल्या लाव्ह्याचा तो बेसॉल्ट होय. पुढे हाच भूपट्ट आशियाला भिडला आणि हिमालय उंचावला. सह्याद्री मात्र टकरीतून जन्मलेला नाही. ती पठाराची पश्चिमेकडील झिजलेली कड आहे. तीच मोसमी पाऊस अडवते आणि मराठवाडा पर्जन्यछायेत राहतो. ग्रामीण कादंबरीतील कोरड्या विहिरीची पूर्वपीठिका इतकी खोल जाते.

म्हणून नकाशाकाराने प्रथम भूपट्टांच्या सीमा आखाव्यात: टकरीच्या जागी पर्वत, फाटण्याच्या जागी नवा समुद्र. तथापि हे पाठांतर नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी हादरलेले किल्लारी भूपट्टाच्या सीमेपासून दूरच होते.

पुराणांतील सप्तद्वीपा पृथ्वीला असे भूशास्त्र कोठे होते, असा आक्षेप संभवतो. परंतु मेरूभोवतीच्या त्या समकेंद्री द्वीप-समुद्रांनाही स्वतःची व्यवस्था आहे. व्यवस्था कोणतीही असो, ती हवीच. अन्यथा दुष्काळ केवळ नेपथ्य ठरतो आणि तो भोगणारा माणूसही खरा वाटत नाही.