त्या 'आणि'चं काय करायचं?

नेरूळहून सीएसएमटीला जायला लोकलमध्ये तासभर जातो. बसायला मिळालं तर डुलकी, नाहीतर कानात हेडफोन. काही महिन्यांपासून मी नवनवे मराठी पॉडकास्ट शोधून ऐकतोय. इतिहास, विज्ञान, संस्कृती, कथा, सगळं.

इतिहासात मला मुसलमान भेटतो तो बहुतेक वेळा मारायला किंवा मरायला आलेला. बाकीच्या विषयांत तो भेटतच नाही. परवा एक निवेदक 'मराठी माणूस आणि मुसलमान' असं सहज बोलून गेला. मानखुर्द येईपर्यंत मी त्या 'आणि'वरच अडकलो होतो.

'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद त्या 'आणि'च्या कुठल्या बाजूला? संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदानं दणाणून सोडणारे बार्शीचे अमर शेख कुठल्या बाजूला? विज्ञानाच्या पॉडकास्टवाल्यांना कृष्णविवरं हवीत, जरूर हवीत. पण खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच संसार. यापेक्षा रंगतदार भाग कुठला हवा? कथेचं म्हणाल, तर हमीद दलवाई म्हटलं की तलाक आणि १९६६ चा मोर्चा एवढंच सगळ्यांना आठवतं. मुंबईहून कोकणातल्या गावी परतलेल्या मुसलमानाची 'इंधन' ही त्यांची कादंबरी किती जणांनी वाचली? त्यांच्याशी तुमचे मतभेद असतील, माझेही आहेत. म्हणून कादंबरीकार पुसायचा?

आता रागवा, पण आपलंही सांगतो. आपल्या घरांत मोबाइलवर तकरीर उर्दूत, करमणूक हिंदीत. मराठी फक्त शाळेच्या फॉर्मवर आणि बाजारात. मग मराठीच्या कानाला आपला आवाज कुठून कळणार? दुसऱ्यांनी आपल्याला वगळलं ही तक्रार खरी आहे. आपण तोंडच उघडलं नाही, हेही तितकंच खरं. 'ऐकणार कोण?' हा बहाणा मला पटत नाही. अमर शेखांना ऐकायला आलेल्यांनी आधी त्यांचा धर्म विचारला नव्हता.

तळोज्याच्या माझ्या फुफी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची कोकणी मुसलमानी बोली, लग्नातली गाणी, मुंबई-गोवा रस्त्यावरून एसटीने केलेल्या प्रवासांचे किस्से कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. गेल्या रविवारी मी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. पंख्याचा आवाज फार आला. "बंद कर तो पंखा," त्याच म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून विचार."