दाखला काढायची घाई करण्याआधी एवढं बघून घ्या

2025 ला 1 मेला, गुरुवारी, झेंडावंदन झालं आणि गावोगावच्या शाळेत निकालपत्रक हातात पडलं. त्या वर्षी परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवल्या होत्या, त्यामुळे गुरुजींना पेपर तपासायला जेमतेम पाच दिवस मिळाले. 2 मेपासून सुट्टी होती, आणि आपल्याकडे शाळा पुन्हा 16 जूनला.

पण खरी घडामोड निकालाची नाही, दाखल्याची आहे. पंधरा दिवसांपासून वस्त्यांवर इंग्रजी शाळांच्या गाड्या फिरताहेत. रंगीत कागद वाटतात, ‘दारातून गाडी नेईल’ म्हणतात. आईबापाला वाटतं, आपण ऊस तोडला, निदान पोरानं तरी इंग्रजी बोलावं. त्यात चूक काय? मी स्वतः थोरल्याला दोन वर्षं अशा शाळेत घातला होता. फी, गाडीभाडं, दोन ड्रेस, बूट आणि वर दर महिन्याला काहीतरी नवीन. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात चार हजाराच्या आसपास. तिसऱ्या वर्षी गपचूप परत आणला. मास्तरांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही, हे सांगायला पाहिजे. आणि हेही सांगतो की जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी विषय 2000 सालापासून आहे. नीट शिकवतात का, हा प्रश्न वेगळा, आणि तो शाळेत जाऊन विचारायचा प्रश्न आहे.

आता हिशोब बघा. शाळेला शिक्षक किती द्यायचे ते 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. मे महिन्यात पाच-सात दाखले निघाले की सप्टेंबरात पट खाली, आणि मग एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या गावाला. मागे राहिलेल्या एका गुरुजींनी चार वर्ग, खिचडीचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती, सगळं बघायचं. मग उरलेले पालकही म्हणतात, इथं शिक्षकच नाही.

वीसच्या आत पट असलेल्या शाळांची तर जास्त काळजी आहे. 2023 ला अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचं पत्र निघालं होतं. मार्च 2024 च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक मंजूरच होत नाही, असं झालं. समूह शाळेच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, पाच पोरांच्या वर्गात खेळ नाही, स्पर्धा नाही. मुद्दा खोटा नाही. पण पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांचं लेकरू तीन किलोमीटर जाणार कसं? कायदा पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा द्या म्हणतो. मंत्रालयातल्या नकाशावर ओढा दिसत नसावा.

आणखी एक. पट मोजताना आधार जुळलेलीच पोरं धरतात. शाळेच्या रजिस्टरला नाव एक आणि आधारवर दुसरं, असं असलं की पोरगं रोज वर्गात बसून सुद्धा हिशोबात येत नाही. सुट्टी ह्याच कामाला वापरा. पाच वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे द्यावे लागतात, 5 ते 7 वयात त्याला पैसे लागत नाहीत.

नाव आणि जन्मतारीख तर शाळेत जाऊन स्वतःच्या डोळ्यानं रजिस्टरमध्ये बघा. पोरगं शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी. एकदा शाळा सोडली की फार अवघड होते. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जून, माझाही तोच. गुरुजींनी अंदाजानं लिहिला आणि तोच राहिला. जातीच्या दाखल्याला, नोकरीच्या फॉर्मला, सगळीकडे जुन्या दाखल्यावरची नोंदच विचारतात, तेव्हा कळतं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी निकाल नीट वाचा. आता तिथं सरसकट वर ढकलत नाहीत. पाचवीला प्रत्येक विषयात 50 पैकी 18 गुण पाहिजेत. कमी पडले तर पोराला जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि त्यातही राहिलं तरच तो वर्ग पुन्हा. म्हणजे मे महिना मामाच्या गावात सगळा घालवून चालणार नाही, थोडं पुस्तक बरोबर न्या. आणि नापास झालं म्हणून शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. कुणी तसं म्हणालं तर लेखी मागा.

चौथीनंतर ज्यांची शाळा संपते, त्यांच्याकडे माझं जास्त लक्ष आहे. पाचवी दुसऱ्या गावात, आणि पोरगी असली की घरात चर्चा सुरू होते, ‘एकटी कशी जाईल’. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेतून. जून 2024 पासून पास शाळेतच मिळायला लागलेत. प्रवेशावेळीच मुख्याध्यापकांना विचारा. बस वेळेवर येत नसेल तर पाच-सहा पालकांनी मिळून आगारात अर्ज द्या. एकट्याचा अर्ज टेबलावरच राहतो, हा माझा अनुभव.

2025 ला गाळप लवकर आटोपलं, टोळ्या लवकर परतल्या. कारखान्यावर गेलेलं पोरगं तिथल्या शाळेत बसलं असेल तर शिक्षण हमी कार्ड इथल्या गुरुजींकडे जमा करा. कार्ड हरवलं, दाखला आला नाही, म्हणून कुठलीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, कायदा स्पष्ट आहे. वयाप्रमाणे वर्गात बसवायचंच.

गणवेशाचंही सांगतो. 2024 ला राज्यातून एकच कापड यायचं ठरलं आणि कित्येक पोरांनी दिवाळीपर्यंत जुनाच शर्ट घातला. आता खरेदीचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलाय. समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असायलाच पाहिजेत. तुमच्या समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, सही कुणाची, अंगठा कुणाचा, हे निकाल घ्यायला जाल तेव्हाच विचारून घ्या. त्या दिवशी गुरुजीही असतात, सरपंचही असतो.